मंगळवार पेठेचा हाफ

डोळे उघड. साल 1940. मंगळवार पेठेतल्या एका तालमीत तू पंधरा वर्षांचा आहेस आणि अजून उजाडायचं आहे. तांबड्या मातीत हळद, ताक, तेल मुरलंय, त्याचा वास तुझ्या अंगाला चिकटलाय. वस्ताद तुझ्या मानेवर सगळं वजन टाकून बसलेत. पैलवानाची आधी मान घडते, मग बाकीचा गडी. चार पावलांवर खासबाग मैदान आहे, शाहू महाराजांच्या काळात 1912 साली उभं राहिलेलं. पेठेतल्या प्रत्येक पोराच्या स्वप्नात तिथलाच हौदा असतो. तुझ्याही आहे, पण हल्ली त्या स्वप्नात एक कातडी चेंडू घुसायला लागलाय.

याच वर्षी गावात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहते. पुढे सगळं गाव तिला 'केएसए' म्हणेल. संस्थान अजून विलीन व्हायचंय, राजाश्रयाची सवय अंगात आहे, आणि तालमी मातीबरोबर मैदानावरही जीव टाकू लागल्यात. संघाचं नाव म्हणून फारसं कुणी 'क्लब' शोधत नाही. तालमीचंच नाव पुरतं. म्हणूनच पुढची ऐंशी वर्षं इथले बहुतेक फुटबॉल संघ 'तालीम मंडळ' म्हणून ओळखले जातील आणि बाहेरगावच्या पत्रकारांना दर वेळी त्याचं नवल वाटेल.

संध्याकाळी मोकळ्या जागेवर तू पळतोस, चेंडू येतो आणि पायातून निसटतो. वस्ताद कडेला उभे. त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण माणूस कळतो.

"पळतोस झकास रं. पर बघतोस कुठं? चेंडू यायच्या आधी मान फिरव. मान कशाला घडवली तुझी?"

दुसऱ्या दिवशी तू मान फिरवतोस. उजवीकडे एक गडी रिकामा दिसतो. चेंडू त्याच्याकडे सरकतो. तू आता हाफ झालास, मधल्या फळीतला गडी.

पास दे. साल बदलतं.

1948. पायांत अजून काही नाही. तुझ्या मागे दोन बॅक, दोन्ही बाजूंना एकेक हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. मधोमध तू, सेंटर हाफ. संघ तुझ्याभोवती फिरतो आणि दम तुझाच निघतो. 31 जुलैला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून 1-2 हरतो. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले, हे पेपरात वाचून पेठेची छाती फुगते. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हिया आपल्यावर दहा गोल चढवतो आणि अनवाणी पायांचं कौतुक तिथं संपतं. तूही बूट घालतोस. टाचा सोलवटतात, आठवडाभर चेंडू कुठं लागतोय ते कळत नाही, मग हळूहळू कळतं.

पास दे.

29 जून 1986 ची रात्र, मध्यरात्र उलटून गेलीय. गल्लीत टीव्ही असलेल्या घरात चाळीस माणसं कोंबलीत. मेक्सिकोतला अंतिम सामना 2-2 असा अडकलाय. मॅराडोनाच्या भोवती जर्मन जर्सींची गर्दी. चेंडू नीट खालीही येत नाही आणि तो एका स्पर्शात पुढे सोडतो. बुरुचागा एकटाच पळत सुटतो. 3-2. खोलीतले सगळे बुरुचागाच्या मागे ओरडत धावतात. तू मात्र मागेच राहतोस, त्या स्पर्शापाशी. त्यानं कधी बघितलं? चेंडू पायाशी यायच्या आधीच, हे उघड आहे. पण शेजारच्या काकांना हे सांगायला जाशील तर ते म्हणतील, "गोल कुणी मारला ते सांग."

एका ओळीत पेठेचं आणि हाफचं भांडण हेच आहे.

पुढची तीसेक वर्षं भराभर जाऊ देत. फुटबॉल खेळून पोट भरायचं तर नोकरी लागली पाहिजे: पोलिसात, बँकेत, एखाद्या कंपनीच्या संघात. आई विचारते ते बरोबरच असतं, "खेळून काय मिळणार?" 1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू होते, 2007 मध्ये तिची आय-लीग होते, आणि 'व्यावसायिक' हा शब्द तालमीच्या कट्ट्यावर पोचतो. तुला वाटतं, आता महाराष्ट्रातच पगार मिळेल. मग बघ काय होतं. 2010 मध्ये महिंद्रा युनायटेड बंद. 2015 नंतर पुणे एफसीचा वरिष्ठ संघ संपला. 2017 मध्ये डीएसके शिवाजियन्स बाहेर. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी मिटली. मुंबईतले काही अपवाद सोडले तर इथल्या हाफच्या पायाखालची जमीन दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी गुंडाळून नेली. खेळाडू चांगला असो वा वाईट, क्लबच उरला नाही तर तो उभा कुठं राहणार?

यावर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

पास दे. आता जरा सावकाश.

तू तेरा वर्षांचा आहेस. पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसलायस, मांडीवर पिशवी, पिशवीत बूट आणि चटणी-भाकरी. कोल्हापूर ते पुणे, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झालीय. याच वाटेनं आपला अनिकेत जाधव गेला. तो तुझ्यासारखा हाफ नाही, कडेनं धावणारा, आघाडीचा गडी. पण घर सोडायची उमर तीच.

बालेवाडीत पहिल्या आठवड्यात तुला कळतं की तुला काहीच येत नाही. पेठेत तू दोघांना चकवलंस की टाळ्या पडायच्या, इथं प्रशिक्षक शिट्टी मारून थांबवतो आणि विचारतो, "दोघं तुझ्यावर आले म्हणजे मोकळं कोण झालं?" तुला उत्तर येत नाही. मग रोज तेच: चौकोनात चार गडी, मध्ये दोन, एक स्पर्श, फार तर दोन. शरीर अर्धं वळवून चेंडू घ्यायचा, म्हणजे एका डोळ्याला मागचं मैदान दिसतं. पास पायात नाही, पायाच्या पुढं द्यायचा. डाव्या पायानं भिंतीवर शंभर, मग पुन्हा शंभर. कंटाळवाणं काम आहे. मधल्या फळीची सगळी कला या कंटाळ्यातून येते, हे तुला अठराव्या वर्षी समजेल.

6 ऑक्टोबर 2017. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, 17 वर्षांखालील विश्वचषक, भारत विरुद्ध अमेरिका. हॉस्टेलच्या टीव्हीवर राष्ट्रगीताच्या रांगेत अनिकेत दिसतो आणि तू खुर्चीवरून उठतोस. भारत 0-3 हरतो. पुढं कोलंबिया, घाना, तिन्ही सामने गेले. पण नोव्हेंबरच्या शेवटी गोव्यात, इंडियन ॲरोज या युवा संघाच्या त्या आय-लीग हंगामातल्या पहिल्याच सामन्यात अनिकेत चेन्नई सिटीवर दोन गोल करतो आणि कोल्हापुरात फटाके वाजतात. त्याच हंगामात आपला निखिल कदम मोहन बागानच्या जर्सीत कोलकात्यात खेळत असतो, पुढच्या हंगामात नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये. मार्च 2022 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात पुन्हा अनिकेत. नीट बघ: दिल्ली, गोवा, कोलकाता, गुवाहाटी, हैदराबाद. या गावांच्या यादीत कोल्हापूर कुठंच नाही.

तुझं नाव या यादीत येत नाही. एकोणिसाव्या वर्षी गुडघा धरतो, करार होता होता राहतो. तू गावी येतोस.

आणि गाव तुला डोक्यावर घेतं.

हंगामाआधी केएसएच्या ऑफिसात खेळाडू नोंदणी. कोण कुठल्या तालमीकडे सही करतोय यावर पेठेत पैजा लागतात. तू पलीकडच्या पेठेत गेलास तर महिनाभर चुलतासुद्धा बोलणार नाही. पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही इकडची नावं. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा ही शिवाजी पेठेतली. तुझ्या शेजारी मधल्या फळीत यंदा नायजेरियातून आलेला गडी आहे. त्याला पांढरा रस्सा मानवलाय, तांबडा अजून नाही.

सामना चारचा. दोनपासूनच शाहू स्टेडियमची गॅलरी भरते. एप्रिलचं ऊन, शेंगदाणेवाले, हलग्या, भिंतीवर बसलेली पोरं. तू बोगद्यातून बाहेर येतोस आणि आवाज छातीवर आदळतो. पहिल्या मिनिटापासून वरून एकच मागणी: "मार लांब! मार की रं लांब!" तू मान फिरवतोस, शेजारी देतोस, परत घेतोस, दुसऱ्या कडेला वळवतोस. आठ पास. गॅलरीतून शिट्ट्या. "काय विणकाम लावलंय काय?" मग तुमचा बॅक उंच किक मारतो, ती थेट समोरच्या गोलीच्या हातात जाते, आणि टाळ्यांचा पाऊस.

सत्तराव्या मिनिटाला तुझ्याकडे चेंडू येतो. तू आधीच बघितलंय: त्यांचा डावा बॅक पुढं आलाय. एक स्पर्श, त्याच्या पाठीमागं. तुमचा फॉरवर्ड पोचतो, गोल. सगळं स्टेडियम त्याच्या नावानं थरथरतं. तू कंबरेवर हात ठेवून मधल्या वर्तुळात श्वास घेत उभा आहेस. परदेशी गडी येऊन तुझ्या डोक्यावर टप्पल मारतो. त्यानं बघितलंय.

रात्री मिरजकर तिकटीच्या दूध कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध. पैसे कोणी घेत नाही. मात्र हे कौतुक मे-जूनपर्यंत, हंगामापुरतं. कधी प्रेक्षकांची हाणामारी होते आणि सामना थांबतो, कधी स्पर्धाच थांबते. मार्च 2020 मध्ये कोरोनानं हंगाम मध्येच गिळला. उरलेले महिने तू मित्राच्या दुकानात बसतोस. मानधन हंगामाचं असतं, घरभाडं बारा महिन्यांचं.

एक पास उलटा दे, 2019 मध्ये. आता तू मुलगी आहेस, मधल्या फळीतलीच. लुधियानात महिलांची राष्ट्रीय लीग चाललीय आणि तुझ्या संघाचं नाव एफसी कोल्हापूर सिटी. देशाच्या लीगमध्ये गावाचं नाव घेऊन तू उतरलीस, आणि शाहू स्टेडियमची ती गॅलरी इथं तुझ्यासोबत नाही. पुरुषांच्या आय-लीग किंवा आयएसएलमध्ये कोल्हापूरचा संघ कधी उतरला नाही, हेही कट्ट्यावरच्या वादात कुणी काढत नाही.

शेवटचा पास, आजच्या सकाळी. तू पुन्हा तोच, बालेवाडीहून परतलेला हाफ. फेडरेशनचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स काढलंयस, मैदानाच्या एका कोपऱ्यात बारा पोरांना चौकोनात उभं केलंयस. चौकोन तोच, बालेवाडीचा. ही पोरं एसटी न पकडता ते शिकतायत, एवढाच फरक, पण मोठा. पेठेकडे पैसा आहे. चषकांच्या बक्षिसांत, बाहेरच्या गड्यांत आणि डिजिटल फलकांत तो दर हंगामाला दिसतो. त्यातला थोडा जरी तालमीच्या दारात वर्षभर शिकवणाऱ्या माणसाच्या पगाराला गेला, तर दहा वर्षांनी केवळ पळणारी नाही, बघणारी पोरंही इथं तयार होतील.

तुझ्या घरात नऊ-दहा वर्षांचं पोरगं असेल, किंवा पोरगी, तर उद्या सकाळी सहाला पाठवून दे. बूट नसले तरी चालतील.