स्लीव्ह कार : आयर्लंडमधील सर्वांत दुर्गम डोंगराच्या वाटा

आयर्लंडच्या वायव्येकडील मेयो परगण्यात नेफिन बेग नावाची डोंगररांग आहे. या रांगेतील स्लीव्ह कार हा ७२१ मीटर उंचीचा डोंगर त्या देशातील सर्वांत दुर्गम शिखर म्हणून ओळखला जातो. चढ फारसा उभा नाही आणि दोरखंडाची गरज पडत नाही. तरीही कोणत्याही डांबरी रस्त्यापासून माथा गाठून परत येण्यास पूर्ण दिवस लागतो. येथे खरी कसोटी लागते ती अंतराची आणि पायांखालच्या ओल्या जमिनीची. शिक्षण वा नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आणि सह्याद्रीत भटकंती केलेल्या मराठी मंडळींनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

स्थान आणि नाव

आयरिश भाषेत ‘स्लीव्ह’ म्हणजे डोंगर. पूर्वेस स्वतंत्रपणे उभे असलेले ८०६ मीटर उंचीचे नेफिन वगळल्यास स्लीव्ह कार हेच रांगेतील सर्वोच्च शिखर ठरते. रांगेला मात्र नाव मिळाले आहे ते ६२७ मीटर उंचीच्या नेफिन बेगचे, म्हणजे ‘धाकट्या नेफिन’चे. माथ्यावर दगडांची मोठी प्राचीन रास आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘गोऱ्या दाहीची समाधी’ असा होतो.

हा सारा प्रदेश वाइल्ड नेफिन राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १५,००० हेक्टर आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट लॉइड प्रेगर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वे दॅट आय वेंट’ या ग्रंथात या भागाच्या एकाकीपणाची आवर्जून नोंद केली आहे. आजही येथे वस्ती जवळपास नाही.

दक्षिणेकडील मार्ग : लेटरकीन

न्यूपोर्ट गावाच्या उत्तरेस लेटरकीन येथे वाहनतळ आणि वाटसरूंसाठी एक साधे निवाराघर आहे. बहुतेक गिर्यारोहक येथूनच निघतात. आरंभी ‘बँगर ट्रेल’ ही जुनी वाट धरावी. न्यूपोर्ट आणि बँगर एरिस यांना जोडणारी ही वाट सुमारे ४० किलोमीटर लांब असून पूर्वी गुराखी याच वाटेने जनावरे बाजाराला नेत. पुढे वाट सोडून नेफिन बेगच्या सोंडेने माथा गाठावा, पलीकडे स्कारडॉन तळ्यांच्या खिंडीत उतरावे आणि तेथून स्लीव्ह कारचा दक्षिण उतार चढावा. दोन्ही शिखरे जोडणारा हा मार्ग सर्वांत देखणा आहे आणि तितकाच थकवणारा. खिंडीत उतरल्यावर पुन्हा मोठा चढ समोर येतो. उशीर झाला असेल वा ढग उतरले असतील, तर परतीचा निर्णय याच खिंडीत घ्यावा.

पूर्वेकडील मार्ग : जंगलरस्ता

लेटरकीनहूनच ‘वेस्टर्न वे’ या दूरपल्ल्याच्या पदमार्गाने सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडीतून उत्तरेस जाता येते. रस्ता पक्क्या खडीचा असल्याने चाल वेगात होते. वाटेत लॉख अव्होहर येथे लाकडी निवारा आहे. जंगलाची कड ओलांडल्यावर मात्र वाट संपते आणि स्वतःच दिशा शोधावी लागते. पूर्व अंगाला काही ठिकाणी तीव्र कडे असल्यामुळे धुक्यात या बाजूने अंदाजाने उतरू नये. दक्षिणेकडून चढून याच जंगलरस्त्याने परतणे पुष्कळांना सोयीचे वाटते.

वायव्येकडील मार्ग : टार्साहॉनमोर

बँगर एरिसच्या दक्षिणेस, मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या अरुंद फाट्याने टार्साहॉनमोरपर्यंत पोहोचता येते. तेथून बँगर ट्रेल आणि पुढे डोंगराची उत्तरेकडील सोंड, असा हा मार्ग आहे. या बाजूने ओवेनडफ नदीच्या खोऱ्यातील विस्तीर्ण दलदल नजरेत मावत नाही. ओढे-नद्या ओलांडाव्या लागत असल्याने आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल, तर हा मार्ग टाळावा.

दलदल आणि वेळेचे गणित

येथील जमीन म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, हजारो वर्षांत साचलेले ‘पीट’. त्यात वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणी असते. पश्चिम आयर्लंडच्या काही भागांत वर्षातील सुमारे २२५ दिवस पावसाचे असतात. त्यामुळे ही जमीन वाळत नाही आणि नव्या सरी सामावूनही घेत नाही. पाणी थेट ओढ्यांत उतरते आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अडवू शकतो. पूर ओसरण्याची वाट पाहणे वा लांबचा वळसा घेणे हेच शहाणपणाचे.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला नियम तासाला ५ किलोमीटर चाल आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा धरतो. दलदलीत हे गणित कोलमडते. तेथे तासाला २ किलोमीटर चाल झाली तरी ती समाधानकारक मानावी. जूनमध्ये दिवस जवळपास १७ तासांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे साडेसात तासांचा असतो. म्हणूनच मे ते सप्टेंबर हा काळ योग्य होय.

जाण्यापूर्वी

• डब्लिनहून वेस्टपोर्टपर्यंत रेल्वे आहे. पुढे स्वतःचे वाहन असलेले बरे.

• १:५०,००० प्रमाणाच्या ‘डिस्कव्हरी’ मालिकेतील २३ क्रमांकाचा नकाशा आणि होकायंत्र जवळ असावे, ती वापरण्याचा सरावही असावा. केवळ मोबाइलवर विसंबू नये, संपर्क अनेक ठिकाणी तुटतो.

• जलरोधक कपडे, उबदार जादा थर, विजेरी आणि एका जेवणाइतके अधिक अन्न घ्यावे.

• मार्ग आणि परतीची वेळ कोणाला तरी सांगून निघावे.

• संकटात ११२ वा ९९९ या क्रमांकावर ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे. फोनची आधी नोंदणी केली असल्यास ११२ वर लघुसंदेशही पाठवता येतो. मदत पायी यावयाची असल्याने तिला कित्येक तास लागू शकतात, हे गृहीत धरावे.