उघडा अस्थिभंग आणि बार्सिलोनाचा धडा

हाड मोडणे ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी घरात पाहिलेली असते. झाडावरून पडलेल्या मुलाचा हात महिना-दीड महिना बांधून ठेवला की बहुधा जुळून येतो. परंतु नडगीचे हाड मोडून त्याचे टोक कातडी फाडून बाहेर आले, की प्रश्न निराळा होतो. हाड जुळेल की नाही ही मग दुय्यम गोष्ट ठरते. जखमेतून आत शिरलेली माती आणि जंतू माणसाचा पाय घेणार की प्राण, ही पहिली चिंता. जेथे साधने थोडी आणि जखमी मात्र पुष्कळ, तेथे या चिंतेतून वाट कशी निघाली, तेवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा दुखापतीत पाय कापणे हाच पुष्कळदा सुरक्षित उपाय मानीत. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात, गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा आला. जोसेफ लिस्टर यांनी त्याची जखम कार्बोलिक आम्लाने झाकली आणि सुमारे सहा आठवड्यांत पाय जुळला. १८६७ मध्ये त्यांनी अशा ११ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला, उरलेले ९ बरे झाले. शत्रू जंतू आहे, हे लिस्टरनी दाखविले. तथापि पहिल्या महायुद्धात असे दिसून आले की, तोफगोळ्याने चिरडलेले निर्जीव मांस जखमेत राहिले, तर वरून ओतलेले औषध त्याच्यापुढे लंगडे पडते.

या अनुभवाची खरी कसोटी स्पेनमध्ये लागली. १९३६ साली तेथे यादवी युद्ध पेटले आणि बार्सिलोनावर विमानांतून बाँब पडू लागले. त्या नगरीतील एका मोठ्या रुग्णालयाचे शस्त्रवैद्य जोसेप त्रुएता यांच्यापुढे नागरिक व सैनिक अशा जखमींची रीघ लागली. पेनिसिलिन तेव्हा रुग्णालयांत आलेलेच नव्हते. त्रुएतांनी पाच गोष्टींचा क्रम ठरविला: शस्त्रक्रिया लवकर करावयाची, जखम धुवावयाची, निर्जीव मांस कापून काढावयाचे, जखम न शिवता स्राव वाहून जाण्यास वाट ठेवावयाची आणि शेवटी पाय प्लास्टरमध्ये घालून निश्चल करावयाचा. प्लास्टर मग कित्येक आठवडे उघडावयाचे नाही. रोजची मलमपट्टी वाचली. परिचारिकांचे हात मोकळे झाले. रुग्णाला दुसरीकडे हलविणे सोपे झाले.

अमेरिकेतील विनेट ऑर यांनी प्लास्टरचा हा मार्ग आधी चोखाळला होता. त्रुएतांनी छेदनावर विशेष भर दिला. यात एक मोठी अडचण होती, ती दुर्गंधीची. प्लास्टरला इतका उग्र वास सुटे की शेजारचे रुग्ण कुरकुरत. त्रुएता वासाला भीत नसत. ताप आणि रुग्णाची एकंदर प्रकृती पाहत. उघड्या अस्थिभंगाच्या १,०७३ रुग्णांत ६ मृत्यू, हा त्यांचा हिशोब १९३९ मध्ये इंग्लंडात पोहोचला, तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले.

मात्र यशाचे श्रेय एकट्या प्लास्टरला देणे चूक होईल. मांस न छाटता वरून प्लास्टर चढविणे म्हणजे घरात चोर ठेवून दाराला कुलूप लावणे होय. आज जखम दिसत राहावी म्हणून हाड पुष्कळदा बाहेरून लोखंडी सळ्यांच्या चौकटीने धरतात आणि प्रतिजैविके शक्य तितक्या लवकर देतात. पण धुणे आणि छाटणे यांची जागा कशानेही घेतलेली नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांतील सुमारे २,४०० रुग्णांच्या चाचणीत असे दिसले की, जखम धुण्यासाठी जोरदार दाबाच्या यंत्राची गरज नाही. मंद दाबाने सोडलेले साधे सलाइन तितकेच काम करते. लहान रुग्णालयाला याहून दिलासा देणारी गोष्ट कोणती?

मंडळी, या क्रमातील पहिली पायरी रुग्णालयाबाहेरची आहे. रस्त्यावर असा अपघात दिसला, तर बाहेर आलेले हाड आत ढकलू नये, जखमेत हळद वा माती भरू नये. स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवावे, पायाला फळीचा आधार बांधावा आणि जखमीला तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. बार्सिलोनात पाय वाचले, त्याला शस्त्रवैद्याच्या कौशल्याइतकेच जखमी लवकर आणणारे हातही कारण होते.