वेदनाशमनातील वांशिक विषमता (अमेरिका)

दुखणे सारखेच असताना कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्णांना गोऱ्यांपेक्षा कमी वेदनाशामके मिळणे, ही अमेरिकी आरोग्यसेवेतील जुनी व वारंवार मोजली गेलेली विषमता. तिची मुळे गुलामगिरीत आहेत. काळ्या माणसाला वेदना कमी जाणवतात, ही मळेवाल्यांच्या सोयीची समजूत तेव्हाच्या वैद्यकाने उचलून धरली. अलाबामातील माँटगोमेरी येथे शल्यचिकित्सक जे. मॅरियन सिम्स यांनी १८४५–४९ या काळात अनार्का, लूसी, बेट्सी इ. गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या. सिम्स यांचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून हलवायला २०१८ साल उजाडावे लागले.

नॉक्स टॉड व सहकाऱ्यांनी लॉस अँजेलिसच्या एका आपत्कालीन विभागात हातापायाचे लांब हाड मोडून आलेल्यांच्या नोंदी तपासल्या (१९९३). ५५% हिस्पॅनिक रुग्णांना एकही वेदनाशामक मिळाले नव्हते. गोऱ्यांत हे प्रमाण २६% होते. अटलांटातील तशाच अभ्यासात (२०००) ७४% गोऱ्यांना औषध मिळाले, कृष्णवर्णीयांपैकी ५७ टक्क्यांनाच. दुखत असल्याची नोंद मात्र दोन्ही गटांच्या कागदांवर जवळपास सारखीच होती. म्हणजे तक्रार लिहून घेतली गेली, औषध तेवढे दिले गेले नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातील पाहणीत (२०१६) काळ्यांची कातडी जाड असते, यांसारखे एखादे तरी खोटे विधान सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व निवासी डॉक्टरांना खरे वाटले.

मोजमापही निर्दोष नाही. गुडघ्याच्या संधिवाताची क्ष-किरण श्रेणी (केलग्रेन-लॉरेन्स, १९५७) ब्रिटनमधील गोऱ्या लोकांवरून बेतलेली आहे. कृष्णवर्णीयांचे गुडघे अधिक का दुखतात, याचा तिला जेमतेम ९% उलगडा होतो. रुग्णाने सांगितलेल्या वेदनेवरून शिकवलेल्या संगणक-प्रणालीने त्याच चित्रांतून ४३% उलगडा केला (२०२१). दोष गुडघ्यात होताच. तो पाहण्याची दृष्टी श्रेणीत नव्हती.

विदर्भातील वाचकांच्या परिचयाचा सिकलसेल हा रक्ताचा आजार अमेरिकेत मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो. त्याच्या असह्य कळा घेऊन आलेल्यांकडे नशेसाठी औषध मागणारे म्हणून संशयाने पाहिले जाते. अशा रुग्णाला नोंदणीपासून तासाभरात वेदनाशामकाचा पहिला डोस द्यावा, असे तेथील २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रत्यक्षात अनेकांना त्याहून अधिक ताटकळावे लागते.