हायगेन्सच्या बारा चकत्या

गणिताच्या इतिहासातलं एक भांडण (तसं फारच सभ्य भांडण) मला भयंकर आवडतं. कारण त्यात दोघंही बरोबर होते!

क्रिस्टियान हायगेन्स आपल्याला माहीत असतो तो शनीचा चंद्र टायटन शोधणारा आणि लंबकाचं घड्याळ बनवणारा म्हणून. या डच माणसाने १६५७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जुगारातल्या हिशेबांवर एक छोटं पुस्तक छापलं. संभाव्यतेवरचं हे पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. त्याच्या शेवटी वाचकांसाठी पाच गणितं होती. त्यातलं दुसरं असं:

पिशवीत १२ चकत्या, ४ पांढऱ्या आणि ८ काळ्या. अ, ब आणि क डोळे बांधून, याच क्रमाने एकेक चकती काढतात. पहिली पांढरी ज्याला मिळेल तो जिंकला. तर तिघांच्या जिंकण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर काय?

सोप्पं वाटतं ना? १६६५ मध्ये योहान्नेस हुडेशी हायगेन्सचा यावर पत्रव्यवहार झाला. दोघेही लायडनच्या फान स्खोटेन या एकाच गुरूचे चेले. तरी उत्तरं जुळेनात. गोम अशी, की काढलेली काळी चकती पिशवीत परत टाकायची की बाहेर ठेवायची, हे प्रश्नात लिहिलेलंच नव्हतं. हायगेन्सने धरलं होतं परत टाकायची, हुडेने धरलं बाहेर ठेवायची.

परत टाकली तर पिशवीला काही आठवत नाही. दर वेळी पांढरीची शक्यता १/३. मग अ, ब, क यांच्या पहिल्या फेरीतल्या शक्यता १/३, २/९ आणि ४/२७. तिघांनाही काळीच आली तर खेळ पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे गुणोत्तर तेच राहतं, ९:६:४.

बाहेर ठेवली तर मात्र दर काळ्या चकतीमागे पुढच्याचं नशीब सुधारतं: ४/१२, मग ४/११, मग ४/१०... आठ काळ्या संपल्या की नववी पांढरीच. हिशेब केला तर ७७:५३:३५ येतं. म्हणजे अ ची शक्यता ४७.४ टक्क्यांवरून ४६.७ वर उतरते, आणि तेवढाच फायदा ब आणि क मध्ये वाटला जातो.

फरक एका टक्क्याहूनही कमी. मग एवढं काय त्यात?

सांगतो. एका कंपनीत वार्षिक कार्यक्रमाला लकी ड्रॉ होता. २०० नावं, १० बक्षिसं, नाव निवडायला छोटासा प्रोग्रॅम. एकाच माणसाला दोन बक्षिसं लागली आणि 'सेटिंग आहे' म्हणून जो गोंगाट झाला म्हणता! सेटिंग वगैरे काही नव्हतं. निघालेलं नाव यादीतून काढायचं, हे कुणी लिहूनच दिलं नव्हतं. आता गणित बघा. नाव परत टाकलं तर १० वेळांत कुणाचं तरी नाव दोनदा येण्याची शक्यता तब्बल २० टक्के, म्हणजे पाच ड्रॉमागे एकदा. बाहेर ठेवलं तर शून्य. हाउजीत निघालेला आकडा कुणी परत पिशवीत टाकत नाही, पण ते न सांगताही माणसाला कळतं. प्रोग्रॅमला नाही कळत.

याकोब बर्नुलीने हायगेन्सचं पुस्तक टिपांसह आपल्या ग्रंथात घेतलं. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापून आला. या गणिताचा कोणता अर्थ बरोबर, या वादात तो पडलाच नाही. उलट त्याने तिसरा अर्थ काढला: तिघांकडे स्वतःच्या बारा-बारा चकत्या असतील तर? आणि मग तिन्ही अर्थांची उत्तरं दिली.

रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचताना मला हल्ली हा बर्नुली आठवतो. कोडला हात लावण्याआधी मी विचारून घेतो, "काढलेली चकती परत टाकायची का?" समोरचे जरा विचित्र बघतात. बघू देत :)