हमी कोणी द्यायची?

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या गोमंतकीयांना आधी ख्यालगायकी आठवते, मग शिंद्यांचा राजवाडा. क्रिकेटवेड्यांना मात्र २४ फेब्रुवारी २०१० आठवते. त्या दिवशी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक काढले, ते इथल्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर. पण हा कॅप्टन क्रिकेटचा नव्हे. रूपसिंह म्हणजे हॉकीच्या ध्यानचंदांचे धाकटे बंधू. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे लोळवले. त्यात दहा गोल रूपसिंहांचे आणि आठ ध्यानचंदांचे. नावामागचे 'कॅप्टन' हे संघनायकपद नाही. तो ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतला हुद्दा आहे.

हा हुद्दा लक्षात ठेवला तर क्रिकेटमधला एक जुना वाद जरा वेगळा दिसतो. तो वाद विनू मंकडचा.

१९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. इंग्लंडचे बारा बळी एकट्या मंकडने घेतले. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला जाणार होता. मंकडला लँकेशायरमधल्या हासलिंगडन क्लबचा हंगामाचा करार आला होता. त्याने क्रिकेट मंडळाला विचारले, दौऱ्यावर माझी निवड नक्की असेल तर करार सोडतो. तशी हमी द्याल का? मंडळाने हमी दिली नाही. मंकडने करार पत्करला आणि संघ त्याच्याशिवाय गेला.

लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावांवर चार बळी अशी झाली. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. चौघांत तिघे आपले मराठी. कर्णधार विजय हजारे आणि दत्तू फडकर यांनी थोडी लाज राखली, पण सामना गेला. मग धावपळ झाली आणि हासलिंगडनने मंकडला उरलेल्या तीन कसोट्यांसाठी मोकळे केले. लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि दोन डावांत मिळून ९७ षटके टाकली. भारत आठ गडी राखून हरला, तरी तो सामना आजही मंकडच्या नावाने ओळखला जातो.

मागे ग्वाल्हेरला लष्कर भागात एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. जेवणानंतर हा विषय निघाला. घरचे काका सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "अहो, देशासाठी खेळायला अटी कसल्या घालता? उद्या प्रत्येक जण हमी मागेल. मग निवड समिती हवी कशाला?" त्यांचा पुतण्या म्हणाला, "काका, पण दौरा झाल्यावर घर कोण चालवणार होते? मंडळ?" काकांनी सुपारी कातरत म्हटले, "आमच्या वेळी घर महाराज चालवायचे."

वाद तिथेच मिटला नाही, पण माझ्या दृष्टीने काकांचे शेवटचे वाक्य मुद्द्याचे होते. रूपसिंह ग्वाल्हेरच्या फौजेत कॅप्टन. सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत कर्नल, मुश्ताक अली तिथेच कॅप्टन. हजारे बडोद्याच्या महाराजांच्या पदरी. खेळाडूला हुद्दा, पगार, राहायला घर. त्याबदल्यात तो संस्थानासाठी खेळे आणि देशासाठी बोलावणे आले की निश्चिंत मनाने जाई. शिंदे, होळकर, गायकवाड या मराठी दरबारांनी ही सोय केली नसती तर त्या पिढीतले कितीतरी गुणी खेळाडू पोटामागे लागून मैदान सोडून गेले असते.

१९४८ मध्ये ग्वाल्हेर आणि इंदूर मध्यभारतात विलीन झाले. लोकशाही आली हे उत्तमच झाले. पण खेळाडूच्या डोक्यावरचे छत्र गेले आणि त्या जागी मंडळाने काही उभे केले नाही. कसोटीचा भत्ता मिळे, पण त्यावर संसार होत नसे. नवानगरकडून पुढे आलेल्या मंकडने संस्थानी काळही पाहिला होता आणि त्यानंतरचाही. ज्या सुरक्षिततेवर आधीची पिढी खेळली, ती तो लँकेशायरच्या एका गिरणीगावात शोधत होता.

मी कारकून माणूस. सेवापुस्तिकेतल्या एका नोंदीने माणसाला रात्री झोप येते, हे रोज पाहतो. म्हणून मला वाटते, काका आणि पुतण्या दोघेही अर्धे बरोबर होते. निवडीची हमी कोणत्याच खेळाडूला देता येत नाही, देऊही नये. पण उपजीविकेची हमी देता आली असती. मंडळाला या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि हट्टी हे विशेषण मात्र मंकडला चिकटले.

हे आपल्याकडेही घडले आहे. मडगावच्या दिलीप सरदेसाईंना एसीसी कंपनीची नोकरी होती, म्हणून १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा काढताना मागे घराची चिंता नव्हती. आपल्या फुटबॉलचे संस्थानिक म्हणजे साळगावकर, धेंपो, चौगुले हे उद्योगपती. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. क्लबांची बाजू होतीच, पण त्या निर्णयाने किती मुलांच्या मिळकतीचा प्रश्न उभा राहिला, याची चर्चा पारावर फार झाली नाही. उद्या त्यातला एखादा बाहेरगावचा करार मिळावा म्हणून गोव्याच्या संघाला नाही म्हणाला, तर आपण त्याला काय म्हणणार आहोत?

मंकडचे नाव पुढे जगभर झाले ते १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला बाद करण्याच्या पद्धतीमुळे. नियमपुस्तकाने तो प्रकार २०२२ मध्ये 'अनुचित खेळ' या नियमातून काढून साध्या धावबादमध्ये नेला. ते एक किटाळ पंचाहत्तर वर्षांनी का होईना, कागदावर तरी पुसले गेले. १९५२ च्या कराराबद्दल असा खुलासा कोणी केलेला नाही.

ग्वाल्हेरला आता नवे मैदान झाले आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि बांगलादेश यांच्या ट्वेंटी-२० सामन्याने तिथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट सुरू झाले. नाव श्रीमंत माधवराव सिंधिया स्टेडियम. ते १९९० ते १९९३ या काळात क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. म्हणजे नव्या मैदानावर आश्रयदात्याचे नाव आणि जुन्यावर आश्रिताचे. दोन्ही नावे हवीत. आश्रय होता म्हणून खेळ झाला, हे विसरू नये. पण आश्रय गेल्यावर ज्याने आपली किंमत स्वतः मागितली, त्याला लोभी ठरवण्याआधी त्याची मिळकत काय होती एवढे तरी विचारावे.