पराभवाचा हंगाम
व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावुरात नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस 2025 चा आयपीएल हंगाम दुहेरी जिव्हाळ्याचा होता. पाच वेळा अजिंक्य ठरलेल्या चेन्नई संघाचे नेतृत्व पुण्याच्या ऋतुराज गायकवाड यांच्याकडे होते. प्रारंभीच मुंबईवर विजय मिळाला. पुढे मात्र ओळीने चार पराभव झाले आणि कोपराच्या दुखापतीमुळे कर्णधारास हंगाम सोडावा लागला. धोनींनी धुरा घेतली, तरी 14 पैकी 10 सामने गमावून संघ प्रथमच तळाला गेला. त्याच पडत्या काळात विरारच्या 17 वर्षीय आयुष म्हात्रेने बंगळूरविरुद्ध 48 चेंडूंत 94 धावा केल्या. विजय अवघ्या दोन धावांनी हुकला. जिंकणाऱ्याचे सोयरे पुष्कळ असतात. आम्ही हरणाऱ्या चेन्नईसही ‘आपली’च म्हणत राहिलो, या भूमीशी जडलेले आमचे नाते तसेच आहे.