सक्तीच्या शिक्षणाचा मागोवा आणि सूचींची निवड

इ. स. १८९३ मध्ये श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो कायद्याने सबंध बडोदे संस्थानास लागू झाला, ही गोष्ट ग्रंथप्रेमी वाचकांस नवी नाही. १९११ च्या मार्च महिन्यात नामदार गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आपले शिक्षणविषयक विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. परंतु या प्रयोगाविषयी पुढे कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत काय लिहिले, याचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ग्रंथांचा नव्हे, तर सूचींचा. सूची अनेक आहेत. त्यांतली कोणती हाती घ्यावी? या निवडीवर संशोधनाचे निम्मे भवितव्य ठरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

योगायोग असा की, सूचिशास्त्राचे आधुनिक पाऊल भारतात पडले तेही बडोद्यातच. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. त्यांनी तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग काढले आणि कटर व ड्यूई या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून स्वतःची एक वर्गीकरणपद्धती सिद्ध केली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ज्या संस्थानाने मुलांना शाळेत बसविण्याची सक्ती केली, त्यानेच शाळेबाहेर पडलेल्यांसाठी वाचनालये उघडली, हा धागा बडोद्याच्या इतिहासात विसरून चालणार नाही.

वर्गीकरणाने पुस्तकाला कपाटातील जागा मिळते. विषयाचा शोध मात्र तेवढ्याने संपत नाही. ड्यूईच्या पद्धतीत शिक्षण हा विषय ३७० या अंकाखाली येतो, प्राथमिक शिक्षण ३७२ खाली, उच्च शिक्षण ३७८ खाली. पण सक्तीचे शिक्षण शासनाच्या धोरणाचा भाग मानले गेल्यामुळे ते ३७९ च्या पोटात जाऊन बसते. अमरेलीचा अभ्यासक ३७२ च्या फळीपाशी उभा राहिला, तर त्याच्या हाती बरेच काही लागेल, परंतु नेमके हवे ते लागेलच असे नाही. शिवाय पुस्तकांना अंक मिळाले तरी मासिकांतील लेखांना कोण देणार?

या दुसऱ्या अडचणीचे उत्तर अमेरिकेत एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीच्या ‘एज्युकेशन इंडेक्स’ने १९२९ पासून दिले. ती निव्वळ सूची होती. लेखाचे नाव, लेखक, अंक, पृष्ठ एवढेच ती सांगे. तिच्याही दोन वर्षे आधी, १९२७ साली, अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने ‘सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ काढून लेखांचे सारांश देण्यास प्रारंभ केला होता. हे दुसरे साधन शिक्षणाच्या अभ्यासकास उपरे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी बेतल्या, ते कार्य मानसशास्त्राचे की शिक्षणशास्त्राचे? दोन्हींचे. म्हणजेच प्रश्न ज्या सीमेवर उभा असेल, त्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सूची पाहिल्याखेरीज गत्यंतर नाही.

१९६४ साली अमेरिकेच्या शिक्षण कार्यालयाने ‘एरिक’ ही योजना मंजूर केली आणि या क्षेत्राचे रूपच पालटले. तोवर अहवाल, परिषदांतील निबंध, प्रकल्पांचे वृत्तांत छापील बाजारात येतच नसत आणि म्हणून कोणत्याही सूचीत सापडत नसत. ‘एरिक’ने तेच गोळा केले. १९६६ पासून त्यांचे सारांश मासिकरूपाने निघू लागले, मूळ मजकूर मायक्रोफिशच्या चिमुकल्या पारदर्शक पत्र्यांवर मिळू लागला, १९६९ मध्ये नियतकालिकांतील लेखांसाठी वेगळी सूची जोडली गेली. अहवालांच्या क्रमांकाआधी ‘ईडी’ आणि लेखांच्या क्रमांकाआधी ‘ईजे’ ही अक्षरे आजही त्या दुहेरी जन्माची खूण सांगतात. १९७० च्या दशकारंभी ‘डायलॉग’ या सेवेमार्फत तारांवरून, पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीडीवरून आणि अखेरीस इंटरनेटवरून विनामूल्य असा त्याचा प्रवास झाला. सरकारी खर्चाने उभे राहिलेले आणि जगाला फुकट मिळणारे असे दुसरे साधन शिक्षणक्षेत्रात क्वचितच आढळेल. मात्र जे सरकार देते ते सरकार आवरतेही घेऊ शकते. २००३ अखेर त्याची सोळा विषयकेंद्रे बंद झाली. २०१२ मध्ये जुन्या दस्तऐवजांत व्यक्तींचे खाजगी क्रमांक आढळल्यामुळे मूळ मजकुराचा मोठा भाग काही काळ झाकून ठेवावा लागला. २०२५ मध्ये खर्चकपातीचे सावट खुद्द योजनेवरच आले.

‘एरिक’चे खरे बळ, आणि भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची खरी मर्यादाही, त्याच्या शब्दकोशात आहे. प्रत्येक लेखाला ठरावीक वर्णनपदे लावली जातात आणि त्या पदांनीच शोध घ्यावा लागतो. आता ही पदे अमेरिकेच्या शाळांतून जन्मली आहेत. १९२९ च्या हार्टॉग समितीपासून आपल्याकडे ‘वेस्टेज’ आणि ‘स्टॅग्नेशन’, म्हणजे गळती आणि कुंठन, ही जोडी रूढ आहे. ‘एरिक’मध्ये त्याच वस्तुस्थितीसाठी ‘ड्रॉपआउट्स’ आणि ‘ग्रेड रिपीटिशन’ ही पदे शोधावी लागतात. १९३७ च्या वर्धा योजनेतील ‘बेसिक एज्युकेशन’ म्हणजे सूतकताईभोवती गुंफलेले मूलोद्योगी शिक्षण. त्या शब्दांनी शोधणाऱ्यापुढे प्रौढांच्या साक्षरतावर्गांचे अमेरिकन वृत्तांत येऊन पडतात. ‘पब्लिक स्कूल’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंतांची वसतिशाळा येते, तर तेथे तो शब्द सरकारी शाळेसाठी आहे. शब्द न जुळल्यामुळे ‘काहीच सापडत नाही’ असा निष्कर्ष काढून परतलेले संशोधक थोडे नसावेत.

बरे, शब्द जुळले तरी काय? भारतातील नियतकालिके त्या संग्रहात मोजकीच, आणि मराठी लेखन तर जवळजवळ नाहीच. मुंबई विद्यापीठाने शिक्षणशास्त्रातील एम.एड. ही पदवी १९३६ साली व पहिली पीएच.डी. १९४३ साली दिली. तेव्हापासून देशभर जमत गेलेले प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत बंद राहिले. ती कपाटे उघडण्याचे काम पुन्हा बडोद्यानेच केले. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील प्रगत शिक्षण अध्ययन केंद्रात एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ साली ‘अ सर्व्हे ऑफ रिसर्च इन एज्युकेशन’ प्रसिद्ध झाला. दुसरा खंड १९७२ ते ७८ या काळाचा. पुढील खंडांची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने उचलली. सारांशांची नुसती रास न घालता प्रत्येक शाखेच्या आरंभी जाणत्या अभ्यासकाचा आढावालेख देण्याची त्यांची रीत होती. कोठे एकाच प्रश्नावर वीस जणांनी तीच प्रश्नावली फिरविली आणि कोठे कोणी फिरकलेच नाही, हे त्या लेखांवरून कळते. यंत्राने दिलेल्या यादीत हा विवेक नसतो. मात्र हे खंड बरेच उशिरा निघत आणि त्यांतील सारांशांवरून मूळ प्रबंधाची प्रत पारखता येत नसे, हाही दोष सांगितला पाहिजे.

मूळ प्रबंधच वाचावयाचा तर आज ‘शोधगंगा’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने तो संग्रह उभारला. मराठीत लिहिलेले प्रबंधही तेथे भेटतात. जुन्या प्रबंधांची भर विद्यापीठांच्या उत्साहावर अवलंबून असल्याने ती सर्वत्र सारखी नाही. म्हणून १९७० पूर्वीच्या कामासाठी बुच यांचा पहिला खंड अद्याप टाकून देता येत नाही.

यांपैकी एकही साधन मराठी पुस्तके व मासिके यांच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. तेथे शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ला पर्याय नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची ही विषयवार नोंद एकट्या माणसाने गावोगावची ग्रंथालये धुंडाळून केली. पुढचा भाग १९५० पर्यंत येतो, आणि १९६९ साली निघालेली दाते, काळे व बर्वे यांची नियतकालिकांची सूची त्याला पूरक ठरते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चालविलेले आणि १८७५ साली बंद पडलेले ‘शालापत्रक’ असो की ताराबाई मोडकांची १९३३ पासूनची मराठी ‘शिक्षणपत्रिका’ असो, त्यांचा माग तेथून लागतो. त्यापुढे मात्र संगणकाचा उपयोग सरतो आणि बांधीव अंकांची पाने उलटावी लागतात.

अमरेलीच्या अभ्यासकाचा मार्ग यावरून बराचसा ठरतो. कायद्याचा मजकूर आणि संस्थानचे वार्षिक अहवाल यांसाठी बडोद्याचे दप्तर. समकालीन मराठी प्रतिक्रियांसाठी दाते यांची सूची आणि तिच्यावरून नियतकालिके. स्वातंत्र्योत्तर संशोधनासाठी बुच यांचे खंड आणि ‘शोधगंगा’. अन्य देशांतील सक्तीच्या कायद्यांशी तुलना करण्याची वेळ आली म्हणजे ‘एरिक’, तेही वर्णनपदांचा कोश शेजारी ठेवून. बहुतेक विद्यार्थी या मार्गाची सुरुवात शेवटच्या टोकाकडून करतात, कारण ते टोक घरबसल्या दिसते. गुजराती साधनांचा विचार तर या सर्व क्रमात आलेलाच नाही. अमरेलीची मुले ज्या भाषेत शिकली ती गुजराती होती, आणि तिच्या सूचींचा शोध अभ्यासकास स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.